कॅसलव्हेनिया कोणत्या क्रमाने खेळावे: कथेची साले, प्रकाशनाची साले आणि जोड्यांचा हिशेब

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीतल्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने कॅसलव्हेनियाच्या जुन्या आठ गेमचा ॲनिव्हर्सरी कलेक्शन हा संच घेतला आणि नावांतले आकडे पाहून एक, दोन, तीन, चार असे खेळायला सुरुवात केली. तिसरा भाग कसाबसा संपवून तो चौथ्यावर गेला आणि त्याच रात्री त्याचा फोन आला : “मामा, तिसऱ्यात ट्रेव्हर होता, मग हा सायमन परत कुठून आला? आणि हा तर पहिल्याच भागातला किल्ला वाटतोय.” त्याची शंका अगदी रास्त होती. तिसऱ्या भागाची कथा पहिल्याच्या २१५ वर्षे आधी घडते आणि चौथा म्हणून ओळखला जाणारा भाग म्हणजे पहिल्याच भागाची नव्याने सांगितलेली गोष्ट आहे. त्याला त्या रात्री जे फोनवर समजावून सांगितले, तेच येथे जरा नीट मांडत आहे.

कॅसलव्हेनिया ही कोनामी या जपानी कंपनीची व्हिडिओ गेमची मालिका. जपानमध्ये ती ‘अकुमाजो ड्रॅक्युला’ या नावाने ओळखली जाते. पहिला गेम सप्टेंबर १९८६ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या डिस्क सिस्टीमसाठी आला. चाबूक हाती घेतलेला बेलमाँट घराण्यातला सायमन नावाचा वीर, ट्रान्सिल्व्हेनियातला ड्रॅक्युलाचा किल्ला आणि शेवटी सिंहासनावर बसलेला खुद्द ड्रॅक्युला, एवढाच मूळ ऐवज. पुढच्या गेममध्ये त्याच घराण्याचे पूर्वज आले, वंशज आले, नातलग आले, आणि प्रत्येकाला एकेक साल चिकटले. त्यामुळे आज या मालिकेला दोन क्रम आहेत : एक कथेच्या सालांचा आणि दुसरा बाजारात आल्याच्या सालांचा. नवखा माणूस बहुधा पहिल्या क्रमाच्या मोहात पडतो, कारण गोष्ट सुरुवातीपासून ऐकावी असे कोणालाही वाटते. येथे मात्र तो मोह आवरावा.

आमच्या तासगावकडच्या घरी सुगी झाली की हेळवी येत असे. अंगणात बैल बांधून, जोत्यावर बसून तो वही उघडायचा आणि मूळ पुरुषापासून वंशावळ वाचायला लागायचा. पहिल्या सात-आठ नावांपर्यंत घरातली मुले इकडेतिकडे बघत बसायची, पण पणजोबांचे नाव आले की सगळ्यांचे कान टवकारायचे, आणि आजी तर मध्येच त्याला थांबवून एखाद्या चुलत सासऱ्याचे राहिलेले नाव सांगायची. वंशावळ वाचली जाते वरून खाली, पण तिची गोडी लागते ती खालून वर. कॅसलव्हेनियाचेही तसेच आहे, आणि येथे तर आणखी एक गंमत आहे, ती म्हणजे मूळ पुरुषाचे नाव वहीत सर्वांत शेवटी लिहिले गेले. या घराण्याचा आद्य पुरुष लिऑन बेलमाँट १०९४ सालातला, पण त्याचा ‘लॅमेंट ऑफ इनोसन्स’ हा गेम आला २००३ मध्ये, म्हणजे सायमननंतर १७ वर्षांनी. ज्यांना चाबूक, किल्ला आणि ड्रॅक्युला आधीच माहीत आहेत, त्यांच्यासाठी तो रचलेला आहे. त्याच्या शेवटी जे उघड होते, ते आधीचे गेम न खेळलेल्याला नुसती एक घटना वाटेल आणि खेळलेल्याच्या मात्र अंगावर काटा येईल.

तेव्हा सर्वप्रथम एक आखीव कागद घ्यावा, डाव्या रकान्यात कथेचे साल आणि उजव्या रकान्यात प्रकाशनाचे साल लिहावे. हा कागद खेळण्याचा क्रम ठरवण्यासाठी नसून आपण घराण्याच्या कोणत्या पिढीत उभे आहोत हे कळावे यासाठी आहे. प्रकाशनाची जी साले मी देत आहे, ती जपानमधील पहिल्या प्रकाशनाची आहेत, कारण इतर देशांत काही गेम वर्षभर उशिरा पोहोचले आणि त्यामुळे निरनिराळ्या याद्यांमध्ये एका वर्षाचा फरक दिसतो.

१०९४ मधील लिऑननंतर कथा एकदम १४७६ वर येते. तो ‘ड्रॅक्युलाज कर्स’, म्हणजे तिसरा भाग, प्रकाशन १९८९. ट्रेव्हर बेलमाँट (जपानी आवृत्तीत त्याचे नाव राल्फ आहे), सायफा, ग्रँट आणि ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड हे चौघे येथे भेटतात. इंग्रजी स्पेलिंग उलटे वाचले की अलुकार्डच्या नावाचे कोडे सुटते. तीन वर्षांनंतरची, १४७९ ची कथा ‘कर्स ऑफ डार्कनेस’मध्ये आहे, पण तो गेम आला २००५ मध्ये. पुढे ख्रिस्टोफर बेलमाँटच्या दोन कथा, १५७६ आणि १५९१. गेमबॉयवरचे हे दोन गेम अनुक्रमे १९८९ आणि १९९१ मधले. मग सायमनची १६९१ ची मूळ कथा आणि तिचा १६९८ मधला पुढचा भाग ‘सायमन्स क्वेस्ट’, प्रकाशन १९८७. त्यानंतर जस्ट बेलमाँटचा १७४८ मधला ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’, प्रकाशन २००२. १७९२ मध्ये रिक्टर बेलमाँटचा ‘रोंडो ऑफ ब्लड’, प्रकाशन १९९३, आणि १७९७ मध्ये अलुकार्डचा ‘सिम्फनी ऑफ द नाइट’, प्रकाशन १९९७.

येथून बेलमाँट घराणे कथेतून बाजूला होते आणि इतर लोक पुढे येतात. एकोणिसाव्या शतकात शानोआ नावाच्या स्त्रीची कथा ‘ऑर्डर ऑफ एक्लेसिया’मध्ये आहे, प्रकाशन २००८. तिचे नेमके साल गेममध्ये दिलेले नाही, म्हणून कागदावर तेथे फक्त शतक लिहावे. १९१७ मधील ‘ब्लडलाइन्स’ (प्रकाशन १९९४) पहिल्या महायुद्धाच्या काळात घडतो, आणि त्यात नायक किल्ल्यातून बाहेर पडून ग्रीस, पिसाचा मनोरा, जर्मनीतला दारूगोळ्याचा कारखाना आणि व्हर्सायचा राजवाडा असा युरोपभर फिरतो. त्याचा नायक जॉन मॉरिस ज्या घराण्यातला आहे, ते ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतल्या क्विन्सी मॉरिसचे घराणे. कादंबरीला अशा रीतीने मालिकेच्या वंशावळीत गुंफून घेणे मला तरी फार आवडले. जॉनचा मुलगा जोनाथन १९४४ मधील ‘पोर्ट्रेट ऑफ रुइन’चा नायक, प्रकाशन २००६. शेवटी २०३५ चा ‘आरिया ऑफ सॉरो’ आणि २०३६ चा ‘डॉन ऑफ सॉरो’, प्रकाशन २००३ आणि २००५. आरिया जपानमध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी घडतो, आणि २ सप्टेंबर २०३५ रोजी जपानमधून खग्रास सूर्यग्रहण खरोखरच दिसणार आहे. या दोहोंच्या आधी १९९९ मध्ये एक मोठे युद्ध होऊन किल्ला ग्रहणात बंदिस्त केला गेला, असा उल्लेख आरियामध्ये येतो, पण त्या युद्धावर गेम नाही. भाच्याने तो गेम शोधण्यात दोन दिवस घालवले, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ही साले पाठ करण्याची गरज नाही, कारण त्यांना एक हिशेब आहे. ड्रॅक्युला शंभर वर्षांनी एकदा परत येतो, अशी मालिकेतली समजूत आहे. १४७६ नंतर १५७६, १५९१ नंतर १६९१ आणि मग एका वर्षाच्या फरकाने १७९२. मधली जी अडनिडी साले आहेत, ती कोणीतरी त्याला मुदतीआधी उठवण्याचा प्रयत्न केल्याची किंवा त्याची जुनी बाधा उरल्याची असतात. १६९८ मध्ये तर स्वतः सायमनच आपल्यावरचा शाप उतरावा म्हणून ड्रॅक्युलाचे अवशेष गोळा करून त्याला उठवतो आणि पुन्हा मारतो. त्या अवशेषांचे प्रकरण पन्नास वर्षांनी, १७४८ मध्ये, त्याच्या वंशजाच्या वाट्याला येते.

आता खेळण्याच्या क्रमाकडे वळू. लांबलचक यादी बाजूला ठेवून फक्त सहा जोड्या ध्यानात ठेवाव्यात, असे माझे मत आहे. १४७६ आणि १४७९, १५७६ आणि १५९१, १६९१ आणि १६९८, १७९२ आणि १७९७, १९१७ आणि १९४४, २०३५ आणि २०३६. या प्रत्येक जोडीतला दुसरा गेम पहिल्याच्या पोटातून निघालेला आहे, आणि मौजेची गोष्ट अशी की या सहाही जोड्यांमध्ये कथेत आधी असलेला गेम प्रकाशनातही आधीच आलेला आहे. म्हणजे जोडीच्या आत दोन्ही क्रम एकच आहेत आणि भांडण आहे ते फक्त जोड्याजोड्यांमध्ये. ते भांडण आवडीप्रमाणे सोडवावे, पण जोडी कधी उलटी करू नये.

याचे सर्वांत मोठे उदाहरण रोंडो आणि सिम्फनीचे. सिम्फनी सुरू होतो तोच रोंडोच्या शेवटच्या लढाईने. रिक्टर जिना चढून वर जातो, सिंहासनावरचा ड्रॅक्युला हातातला पेला फेकून देतो आणि झुंज सुरू होते. ही झुंज नुसती शोभेची नाही, कारण ती आपण कशी लढलो यावर पुढे अलुकार्डला सुरुवातीला किती बळ मिळणार हे थोडेफार ठरते, आणि रिक्टर मरणाच्या दारात गेला तर मारिया येऊन त्याला वाचवते. ज्याने रोंडोमध्ये मारियाला सोडवले आहे, त्याला त्या क्षणी तिचे येणे घरच्या माणसासारखे वाटते. न खेळलेल्याला ती कोण हेच कळत नाही. रोंडो मूळ रूपात जपानबाहेर अधिकृतपणे पोहोचला तो २००७ मध्ये, पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या नव्या आवृत्तीबरोबर, त्यामुळे जपानबाहेरच्या खेळाडूंनी ही जोडी दहा वर्षे अर्धीच पाहिली. आपल्यावर आता तशी वेळ नाही.

सिम्फनीबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलुकार्ड किल्ल्यात शिरतो तेव्हा त्याच्या अंगावर उत्तम तलवार, ढाल, चिलखत सगळे असते, आणि आपण खुशीत असतानाच मृत्यूदेव समोर येऊन ते सारे काढून घेतो. भाच्याला वाटले की आपलेच काही चुकले, म्हणून त्याने तीन वेळा गेम पहिल्यापासून सुरू केला. काही चुकलेले नसते, तसेच पुढे जावे. दुसरी गोष्ट महत्त्वाची. किल्ल्याच्या टोकाला रिक्टरशी सामना होतो आणि त्याला मारले की गेम संपल्याचे दाखवतो. तो खरा शेवट नव्हे. सोन्याची आणि चांदीची अशी दोन्ही अंगठ्या घालून घड्याळाच्या दालनाखालची वाट उघडावी, तेथे मारियाकडून पवित्र चष्मा मिळतो, तो डोळ्यांवर चढवून रिक्टरसमोर जावे आणि त्याच्यावर वार न करता भोवती फिरणाऱ्या हिरव्या गोळ्यावर वार करावेत. मग जो दुसरा किल्ला उघडतो, त्यात अर्धा गेम शिल्लक असतो. नकाशा पूर्ण झाल्यावर आकडा २००.६ टक्के दिसतो, तेव्हा शंभराच्या आसपास ‘समाप्त’ दिसले तर खुशाल समजावे की आपण अर्ध्यातच आहोत.

अशा खोट्या शेवटांची सवय या मालिकेने पुढेही सोडली नाही, आणि क्रमाच्या दृष्टीने ती बाब महत्त्वाची आहे, कारण खोट्या शेवटावर थांबून जोडीतला पुढचा गेम उघडला तर त्यातले काहीच जुळत नाही. आरियामध्ये ग्रॅहम या शत्रूशी लढण्यापूर्वी फ्लेम डीमन, जायंट बॅट आणि सक्युबस हे तीन आत्मे धारण केलेले असावेत, नाहीतर खरी कथा उघडतच नाही, आणि डॉनची तर सुरुवातच त्या उघड झालेल्या कथेवर होते. पोर्ट्रेटमध्ये दोन बहिणींशी लढताना त्यांना ठार न करता जोनाथनची जोडीदार शार्लट हिचा सँक्च्युअरी हा मंत्र वापरावा. एक्लेसियामध्ये अल्बसची गाठ पडण्यापूर्वी गावातल्या सर्व हरवलेल्या लोकांना सोडवून आणलेले असावे. इतके सांगणे म्हणजे रहस्यभेद नव्हे. काय उघड होते ते मी कोठेच सांगितलेले नाही.

माझा स्वतःचा क्रम विचाराल तर असा : आधी १९८६ चा पहिला गेम, निदान दुसऱ्या टप्प्यावरच्या मेडुसापर्यंत तरी, म्हणजे चाबकाचा तो आखडता हात आणि पायऱ्यांवरची ती फजिती अंगवळणी पडते. मग रोंडो आणि सिम्फनी सलग. त्यानंतर अलुकार्डचा पूर्वेतिहास जाणून घ्यायची ओढ आपोआप लागते, तेव्हा ड्रॅक्युलाज कर्स. तो कठीण आहे, पण नव्या संचात हवे तेथे गेम साठवता येतो आणि आपल्याकडे वीज जाण्याची पद्धत पाहता त्या सोयीचा संकोच करू नये. मग हार्मनी, एक्लेसिया, ब्लडलाइन्स आणि पोर्ट्रेट. पोर्ट्रेटमध्ये बेलमाँटांचा चाबूक मॉरिसांच्या हातात का आहे आणि त्याचे पूर्ण बळ त्यांना का मिळत नाही हा मुख्य धागा आहे, म्हणून तो रिक्टरच्या कथेनंतरच खेळावा. त्यापुढे आरिया आणि डॉन, आणि सर्वांत शेवटी लॅमेंट. सायमन्स क्वेस्ट आणि ख्रिस्टोफरचे दोन गेम ज्याला हौस असेल त्याने मधे कोठेही घ्यावेत, मात्र सायमन्स क्वेस्टमधले गावकरी धडधडीत खोटे बोलतात एवढे लक्षात ठेवावे. कर्स ऑफ डार्कनेस मी मनापासून सुचवणार नाही. लांबच लांब ओसाड वाटा चालून पाय दुखतात, तेही बसल्या जागी.

आकड्यांच्या आणि नावांच्या सापळ्यांबद्दल थोडे. १६९१ ची एकच कथा वेगवेगळ्या यंत्रांवर अनेकदा सांगितली गेली : १९८६ चा फॅमिकॉमवरचा गेम, त्याच वर्षीचा एमएसएक्स २ या संगणकावरचा ‘व्हॅम्पायर किलर’, १९९१ चा ‘सुपर कॅसलव्हेनिया ४’ आणि १९९३ चा एक्स ६८००० या जपानी संगणकावरचा गेम. यांपैकी एक खेळला की कथेच्या दृष्टीने सगळे खेळल्यासारखे आहे. सुपर कॅसलव्हेनिया ४ ला जपानमध्ये आकडाच नाही, तेथे त्याचे नाव पहिल्या गेमसारखेच आहे. चारचा आकडा नंतर बाहेरच्या बाजारासाठी लागला आणि त्याच आकड्याने माझ्या भाच्याला फसवले. त्याचप्रमाणे १९९५ चा सुपर फॅमिकॉमवरचा ‘ड्रॅक्युला एक्स’ ही रोंडोची नक्कल नव्हे, त्याच कथेची मोडतोड केलेली आवृत्ती आहे. रोंडो उपलब्ध असताना त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

काही गेम मात्र कागदावर बाजूला, समासात लिहावेत. २००० नंतर मालिकेची सूत्रे सांभाळणारे निर्माते कोजी इगाराशी यांनी सगळ्या कथांची एक कालरेषा बसवली आणि त्यात न बसणारे चार गेम बाजूला काढले : १९९७ चा ‘लेजेंड्स’, १९९९ मध्ये निन्टेंडो ६४ वर आलेले दोन गेम आणि २००१ चा ‘सर्कल ऑफ द मून’. लेजेंड्समध्ये सोनिया बेलमाँटला ड्रॅक्युलाशी लढणारी घराण्यातली पहिली व्यक्ती केले होते आणि लिऑनच्या कथेशी ते जमेना. सर्कल ऑफ द मून १८३० चा आहे. कालरेषेतून वगळला म्हणून तो गेम टाकाऊ ठरत नाही, आणि माझ्या मते तो हार्मनीपेक्षा सरस आहे. निन्टेंडो ६४ च्या जोडीत मात्र उलटा प्रकार आहे, कारण नंतर आलेल्या ‘लेगसी ऑफ डार्कनेस’ची कथा १८४४ ची आणि आधीच्या गेमची १८५२ ची. वरच्या सहा जोड्यांचा नियम येथे मोडतो.

स्पेनमधील मर्क्युरीस्टीमने केलेले ‘लॉर्ड्स ऑफ शॅडो’ हे तर वेगळेच घराणे आहे. त्यात गॅब्रिएल बेलमाँट आहे, ट्रेव्हर, सायमन आणि अलुकार्ड ही नावेही येतात, पण नाती आणि साले सगळी निराळी. २०१० चा पहिला, २०१३ चा ‘मिरर ऑफ फेट’ आणि २०१४ चा दुसरा, अशा प्रकाशनाच्याच क्रमाने ते खेळावेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कागद करावा. २०१७ पासून आलेल्या ॲनिमेशन मालिकेचे धागेही या कागदाला बांधू नयेत.

राहता राहिला प्रश्न हे सारे मिळवायचे कसे. सुदैवाने बहुतेक गेम आता चार संचांत मिळतात. २०१९ च्या ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये पहिले चार भाग, ख्रिस्टोफरचे दोन्ही गेम, ब्लडलाइन्स आणि ‘किड ड्रॅक्युला’ हा विनोदी गेम आहे. २०२१ च्या ॲडव्हान्स कलेक्शनमध्ये सर्कल, हार्मनी, आरिया आणि ड्रॅक्युला एक्स आहेत. २०२४ च्या डॉमिनस कलेक्शनमध्ये डॉन, पोर्ट्रेट आणि एक्लेसिया आहेत. रोंडो आणि सिम्फनी एकत्र हवे असतील तर २०१८ चा प्लेस्टेशन ४ वरचा रेक्वियम हा संच आहे, आणि सिम्फनी २०२० पासून मोबाइलवरही आहे. फोनच्या काचेवर बोटाने खेळताना अलुकार्डच्या उड्या चुकतात, तेव्हा ब्लूटूथचा एखादा साधा कंट्रोलर जोडावा.

या चारही संचांत लॅमेंट नाही. त्यासाठी जुना प्लेस्टेशन २ आणि त्यावर चालणारी डिस्क असलेला कोणी ओळखीचा शोधावा लागतो. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी चढायला लागले तेव्हा मी यंत्र तेवढे माळ्यावर नेऊन ठेवले आणि डिस्कचा खोका खालच्या कपाटातच राहिला. चिखल धुऊन, पुसून, उन्हात वाळवूनही माझी लॅमेंटची डिस्क लिऑन जंगलात शिरतो त्यापुढे सरकत नाही. भाचा सध्या पोर्ट्रेटपर्यंत आला आहे, म्हणजे तिच्यावाचून त्याचे अडण्याला अजून दोन गेमांचा अवकाश आहे, आणि मिरजेतल्या एका जुन्या मित्राकडे दुसरी प्रत असल्याचे परवाच कळले आहे.